कातडीची थैली, पोटाची थैली

योगराजचं पत्र येऊन सव्वीस दिवस झाले होते आणि सुकलाल मेताजींनी त्याला अजून उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र हरवलं असतं, पाण्यात भिजलं असतं, निदान पत्ता तरी फाटला असता, तर माणसाला काहीतरी निमित्त सापडतं. पण पत्र शाबूत होतं. मेताजींच्या उशाशी असलेल्या जाड पुस्तकात एकशे बाराव्या पानावर ते खूण म्हणून ठेवलेलं होतं, आणि या सव्वीस दिवसांत मेताजी एकशे तेराव्या पानावर गेले नव्हते.

योगराज हा त्यांच्या बहिणीचा, ताराचा मुलगा. वय एकतीस. शिरपूर तालुक्यातल्या गावी राहतो. घरात फोन आहे, पण तो घराचा आहे, माणसाचा नाही. फोन वाजला की तो आधी स्पीकरवर टाकायचा, मग खाटेच्या मधोमध ठेवायचा, आणि मग घरात असतील ते सगळे आणि ओट्यावरून जाणारा एखादा, असं सगळ्यांनी मिळून बोलायचं, अशी त्यांच्याकडे रीत आहे. फोन कानाला लावून कोपऱ्यात जाणारा माणूस काहीतरी लपवतो असं तिकडे धरूनच चालतात. आता काही दुखणी अशा जागची असतात की ती खाटेच्या मधोमध ठेवता येत नाहीत. म्हणून योगराजने पत्र लिहिलं होतं.

‘ती. मामांस योगराजचा साष्टांग नमस्कार. मामा, काखेतली आणि जांघेतली गळवं परत वाढली आहेत. एक फुटून सुकतं तोवर शेजारी दुसरं तयार. धुळ्याच्या कातडीच्या डॉक्टरांनी नवं इंजेक्शन सुरू करायचं ठरवलं आहे. कोजागिरीनंतरच्या सोमवारी पहिलं देणार. त्याआधी एक छापील कागद भरून घेतला. त्यात विचारलं होतं, पोटाचा किंवा आतड्याचा आजार आहे का, पूर्वी होता का. मी ‘नाही’ लिहून सही केली. कातडीच्या डॉक्टरपुढे पोटाची थैली उघडायची नाही असं तुम्हीच शिकवलं होतं. पण मामा, पोट बरं नाही. दिवसातून सात-आठ वेळा जावं लागतं, कधी रक्त पडतं. वजन उतरलं आहे. घरी मूळव्याध म्हणून सांगितलं आहे. तुम्ही एवढं वाचता. मी ‘नाही’ लिहिलं ते बरोबर केलं ना? सोमवारच्या आत कळवावे. मामीला नमस्कार.’

या पत्राला एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण एका शब्दाचं काही लिहायचं म्हणजे तो शब्द बरोबर असला पाहिजे, आणि मेताजींना आयुष्यात कुठल्याच शब्दाची तेवढी खात्री वाटलेली नव्हती. देवळातून परत येताना पायांत आपल्याच चपला आहेत ना, याची त्यांना घर येईपर्यंत शंका असे.

असा माणूस मेताजी झाला तरी कसा, असं कोणी विचारील. तर असाच माणूस मेताजी होतो. सुरतेच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात शेठ एका बाजूला, कारीगर दुसऱ्या बाजूला, आणि मधे कागद सांभाळणारा तो मेताजी. सुकलालनी कडोदऱ्याच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं हे काम केलं. कापडाचे ताके उतरले की टेबलावर पसरून तपासायचे, खोड, म्हणजे विणीतला दोष, दिसली की चिठ्ठी करायची. उभ्या धाग्यात खोड असली तर दोष बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, भरणाऱ्यांचा, आडव्यात असली तर लूम चालवणाऱ्यांचा. या दोन खात्यांचं एकमेकांशी सापामुंगसाचं नातं. एकाच चिठ्ठीवर दोन्ही खोडी लिहिल्या की दोघे एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि प्रकरण गळपट्टी धरण्यावर जायचं. तेव्हा सुकलालनी एक नियम काढला. ताका एक असला तरी खोडी दोन, तर चिठ्ठ्या दोन, पाकिटं दोन. आणि एका खात्याची चिठ्ठी दुसऱ्या खात्याच्या नजरेस पडता कामा नये. भांडणं थांबली. शेठ इतके खूश झाले की त्यांनी सुकलालना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं.

पुढे कधीतरी असं उघडकीला आलं, की चौदा नंबरच्या लूमवर उभ्या आणि आडव्या दोन्ही खोडी सात महिने येत होत्या, कारण लूमचा एक पाय फरशीत खचला होता. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून पाहिली असती तर ते पहिल्या आठवड्यात दिसलं असतं. पण पाकिटं शेजारी ठेवायची नाहीत हाच नियम होता. घड्याळ मात्र शेठने परत मागितलं नाही.

निवृत्त झाल्यावर मेताजी सुरतेतच गोडादऱ्यात मुलाच्या घरी राहायला आले आणि त्यांनी स्वतःला वाचनात बुडवून घेतलं. पालिकेच्या वाचनालयात मराठीचं एकच कपाट होतं. ते त्यांनी तीनदा वाचून काढलं. चौथ्यांदा वाचायला घेतलं, कारण तिन्ही वेळा आपल्याला नीट कळलं की नाही याबद्दल त्यांना शंका होती.

योगराज चार वर्षांपूर्वी याच घरात राहायला आला होता. इच्छापोरला एका कंपनीत कंत्राटी काम होतं. पहिल्याच उन्हाळ्यात काखेत गळवं आली. ती गेली, पुन्हा आली, मग जांघेत आली, मग एकाला एक जोडून आतल्या आत बोगदे झाले. कपड्यांना वास यायचा. पोरगं लाजेने हात अंगाला चिकटवून चालायचं. सोसायटीत ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. कोणी म्हणालं पॉलिस्टरचा शर्ट, कोणी म्हणालं कंपनीतली हवा, कोणी म्हणालं आंघोळ करत नसेल. योगराज दिवसातून तीनदा आंघोळ करायचा. लग्न झालं की आपोआप जाईल, असंही एकाने खात्रीने सांगितलं. लग्न झालं. गळवं वरातीलाही आली होती.

मग पोट बिघडलं. त्याचंही कारण तयार होतं. शेजारचे गुजराती म्हणाले, तुम्ही खानदेशी मिरची खाता, दुसरं काय होणार. सोसायटीतले खानदेशी म्हणाले, इथले लोक डाळीत गूळ घालतात, दुसरं काय होणार. दोन्ही प्रांतांनी आपापला अभिमान राखला आणि योगराज मधल्या मधे वाळत गेला. ‘तू मशीनपाशी कमी आणि संडासात जास्त असतोस,’ असं म्हणून कंत्राटदाराने शेवटी त्याला कामावरून काढलं.

त्या दिवसांत रिंगरोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेताजीच त्याला घेऊन जायचे. दुसऱ्या मजल्यावर कातडीचा विभाग, चौथ्यावर पोटाचा. पहिल्याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरपुढे कातडीचा कागद निघाला आणि नर्सने, ‘ए अहीं नहीं, नीचे,’ असं म्हणून तो परत दिला. मेताजींना इतकी शरम वाटली की जणू एका खात्याची चिठ्ठी दुसऱ्या खात्यात गेली होती. घरी आल्याबरोबर त्यांनी दोन थैल्या आणल्या. लाल थैली कातडीची, निळी पोटाची. दोन्हींवर आतल्या कागदांची यादी चिकटवली. योगराजला समोर बसवून सांगितलं, ‘हे बघ, डॉक्टरचा वेळ मोलाचा असतो. कातडीवाल्याने विचारलं तर कातडीचं बोल. पोटवाल्याने विचारलं तर पोटाचं. इकडचं तिकडे करू नकोस.’

योगराज गुणी मुलगा. त्याने इकडचं तिकडे केलं नाही. चौथ्या मजल्यावर आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली, आत व्रण दिसले, गोळ्या मिळाल्या, थोडं बरं वाटलं. दुसऱ्या मजल्यावर गळवं कापली, गोळ्या मिळाल्या, थोडं बरं वाटलं. दोन मजल्यांवर मिळून सोळा महिने उपचार झाले आणि वरच्यांना खालचं, खालच्यांना वरचं काही कळलं नाही. मग काम सुटलं, योगराज दोन्ही थैल्या घेऊन गावी गेला, आणि मेताजींनी दोन्ही थैल्यांच्या झेरॉक्स प्रती, लाल आणि निळ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या याद्या वर बांधून, आपल्या कपाटात ठेवून दिल्या. अर्थात वेगवेगळ्या कप्प्यांत.

आता मेताजींची खरी अडचण अशी होती, की योगराजच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. पत्र येण्याच्या दोन महिने आधी वाचनालयात एका आरोग्य मासिकाच्या जुन्या अंकात त्यांनी ते वाचलं होतं. काखेत, जांघेत वरचेवर येणारी अशी गळवं अस्वच्छतेने होत नाहीत. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच बिनसते आणि कातडी आतून सुजत राहते. अशा काही माणसांत तीच सूज आतड्यांतही सापडते. सोरायसिसच्या रोग्यांतही असं दिसतं. सगळ्यांना होतं असं नाही, पण इतरांपेक्षा त्यांच्यात जास्त आढळतं. म्हणून कातडीच्या डॉक्टरने पोटाचं विचारावं आणि पोटाच्या डॉक्टरने कातडी पाहावी. एवढंच लिहिलं होतं. मेताजींनी तो लेख लागोपाठ दोनदा वाचला होता. पण अंकाचं पहिलं पान फाटलेलं होतं, त्यामुळे तो कुठल्या साली छापला ते कळत नव्हतं. मधल्या काळात शास्त्राने आपलं मत बदललं असलं तर?

म्हणून त्यांनी कच्ची पत्रं लिहायला घेतली. पहिलं ‘मी काही डॉक्टर नाही’ इथे सुरू झालं आणि सतरा ओळींनंतर तिथेच संपलं. दुसऱ्यात शरीराच्या रचनेपासून सुरुवात होती. अकराव्या पानावर ते अजून जठरातच होते. तिसऱ्यात ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे शब्द नऊ वेळा आले. मेताजींनी ते मोजले, दोन ठिकाणी खोडले, आणि मग असं खोडण्याचा आपल्याला अधिकार आहे का, या विचाराने परत लिहिले.

त्यांची बायको सरलाबाई हे सगळं भाजी निवडता निवडता पाहत होत्या. लिहिण्या-वाचण्याशी त्यांचा संबंध अंगठ्यापुरता.

‘‘पोर्‍याना कागद ईसन महिना व्हयना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी काय करी रायनात?’’

‘‘उत्तर लिहितोय.’’

‘‘एवढं? तुम्ले परीक्षा देवानी शे का?’’

‘‘अगं, विषय नाजूक आहे. कातडीचा आणि पोटाचा काही संबंध असावा असं एके ठिकाणी वाचलंय. पण तो आहेच असं मी कसं म्हणू?’’

सरलाबाईंनी गवारीची शेंग मोडली. ‘‘पोटबी त्यानंच, कातडंबी त्यानंच. मंग संबंध नही तर काय शेजारीना शे?’’

मासिकाने अख्खा लेख खर्चून जे मांडलं होतं ते सरलाबाईंनी गवार मोडता मोडता सांगितलं होतं. त्यामुळे तर मेताजींचा संशय आणखी वाढला. इतकं सोपं असतं तर डॉक्टरांना मजले वेगळे कशाला लागले असते?

सून हर्षदा स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘पप्पा, व्हॉट्सॲप करी दो ने. बे मिनिटमां पत्ते!’’

‘‘तो फोन घरभर फिरतो, बेटा. तुझ्या आत्यासासूबाई मेसेज नातवाकडून मोठ्याने वाचून घेतात. यात... जांघ आहे.’’

‘‘तो फोन करीने बोला. नाव नका घेऊ जांघेचं.’’

हे मेताजींना पटलं. हर्षदाने फोन लावला आणि त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडेही स्पीकरवर होता. दोन्ही राज्यांतून एकदम राम राम झाले.

‘‘दादा, कसा शेस रे?’’ तारा ओरडली. मागून शेळी, एक प्रेशर कुकर आणि कोणीतरी म्हातारा खोकत होता. ‘‘योगराज, अरे मामाचा फोन! समदे या!’’

योगराज आला. त्याचा आवाज बारीक झाला होता. ‘‘मामा... कागद मिळाला का?’’

‘‘मिळाला,’’ मेताजी म्हणाले.

‘‘मग?’’

पलीकडे शेळीसुद्धा थांबली. मेताजींनी खाटेभोवती बसलेली माणसं डोळ्यांपुढे आणली. तारा, तिचे यजमान, योगराजची बायको, तिची आई, खोकणारा म्हातारा.

‘‘अक्षर चांगलं आहे तुझं,’’ ते म्हणाले.

‘‘हो,’’ योगराज म्हणाला. ‘‘मामा, सोमवारी जातोय मी धुळ्याला. आठ दिवस राहिले.’’

‘‘जपून जा,’’ मेताजी म्हणाले आणि त्यांनी फोन हर्षदाच्या हातात दिला. पलीकडून तारा विचारत होती की कसलं अक्षर आणि कसला कागद. योगराज म्हणाला, ‘‘काही नाही, आई.’’ त्याचं ते ‘काही नाही’ ऐकताना मेताजींना छापील कागदावरचा ‘नाही’ दिसला. सहीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून दोन्ही झेरॉक्सचे गठ्ठे काढले, एक डाव्या काखेत आणि एक उजव्या काखेत धरला आणि रिंगरोडच्या हॉस्पिटलात गेले. स्वागताच्या टेबलाशी चंचल नावाची मुलगी बसली होती. नाव तिच्या बिल्ल्यावर होतं.

‘‘बोलो काका. स्कीन के पेट?’’

‘‘एकच प्रश्न विचारायचा होता,’’ मेताजी म्हणाले. ‘‘दोन्हीच्या मधला.’’

‘‘मधला?’’ चंचलने संगणकात पाहिलं. तिने मनापासून शोधलं, यात शंका नाही. ‘‘काका, स्कीन बीजे माळे, पेट चौथे माळे. वच्चे तो कँटीन छे.’’

मेताजी दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथे सांगितलं, आतड्याचं आम्ही पाहत नाही, वर जा. चौथ्यावर सांगितलं, गळवांचं आम्ही पाहत नाही, खाली जा. परत दुसऱ्यावर गेल्यावर त्यांना सांगण्यात आलं की वरच्या डॉक्टरांची पाठवणीची चिठ्ठी आणावी लागेल, आणि परत चौथ्यावर गेल्यावर असं कळलं की पाठवणीसाठी आधी पेशंट दाखवावा लागेल. जिना चढता उतरता त्यांचे गुडघे बोलायला लागले. शेवटी ते मधल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये थांबले, कारण तिथे खुर्च्या होत्या.

कँटीनमध्ये दुपारच्या जेवणाची वेळ होती. खिडकीजवळच्या टेबलावर दोन डॉक्टर जेवत बसले होते आणि मेताजींनी दोघांनाही ओळखलं. एक कातडीच्या डॉक्टरीणबाई, एक पोटाचे डॉक्टर. दोघांची मैत्री चांगली असावी. समोर घारीचं खोकं ठेवून, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला, ही सुरती मिठाई कुठून मागवायची यावर ते वाद घालत होते. पोटाच्या डॉक्टरांचं म्हणणं, घारीत तूप वर तरंगलं पाहिजे. बाईंचं म्हणणं, पिस्ता जास्त हवा. एका हॉस्पिटलातली दोन टोकांची खाती एका ताटातल्या पापडाचे तुकडे मोडत होती, आणि मेताजी तीन टेबलं सोडून, गठ्ठे मांडीवर घेऊन, पाणी पीत होते.

जेवणाऱ्या माणसांपाशी जाऊन गळवांबद्दल बोलायचं? तेही अनोळखी बाईसमोर? मेताजी दोनदा उठले आणि दोनदा बसले. तिसऱ्यांदा उठले ते घरी जायला. दाराकडे चार पावलं गेलेही. मग त्यांना कालचा तो बारीक आवाज आठवला, ‘मग?’, आणि आपण दिलेलं उत्तर आठवलं. ते वळले. टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही गठ्ठे घारीच्या खोक्याशेजारी ठेवले. बाजूबाजूला.

‘‘हां काका?’’ पोटाचे डॉक्टर म्हणाले. ‘‘ओपीडीमां आवो ने.’’

‘‘साहेब, ओपीडीत दोन मजले आहेत,’’ मेताजी म्हणाले. ‘‘पोरगा एकच आहे.’’

बोलून गेल्यावर ते स्वतःच घाबरले. पण डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मेताजींनी मग सांगितलं. सोमवार, नवं इंजेक्शन, छापील कागद, ‘नाही’. जांघेचं सांगताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पोटाच्या डॉक्टरांनी सवयीने निळ्या यादीचा गठ्ठा ओढला, तर बाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांच्यापुढे लाल यादीचा टाकला.

‘‘तू हे वाच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी ते वाचते.’’

दोघे पानं उलटू लागले. पोटाच्या डॉक्टरांनी घास खाली ठेवला.

‘‘हा पेशंट माझा होता,’’ ते म्हणाले. ‘‘सोळा महिने माझ्याकडे येत होता. ह्याला एवढी गळवं होती? हे मला कधीच का दाखवलं नाही?’’

‘‘तुमच्या खात्याचं नव्हतं, साहेब.’’

‘‘आणि मी याला दुखण्यावरच्या गोळ्या लिहीत होते,’’ बाई हळूच म्हणाल्या. ‘‘आतड्यात व्रण असताना. काका, मी दर वेळी विचारते हो, पोट कसं आहे? इथे लिहिलंय बघा, पोटाची तक्रार नाही. असं कोणी सांगायला सांगितलं त्याला?’’

मेताजींनी दोन्ही गठ्ठ्यांवरच्या याद्यांकडे पाहिलं. सुबक अक्षर होतं. क्रमांक घातलेले, तांबड्या शाईने रेघा मारलेल्या.

‘‘मी,’’ ते म्हणाले.

मग बाईंनीच त्यांना सावकाश समजावलं. मासिकात होतं तेच, पण फाटकं पान नसलेलं. गळवं आणि आतड्याची सूज यांची संगत ठाऊक असलेली गोष्ट आहे. कातडीसाठी आता जी नवी इंजेक्शनं आहेत त्यांतली काही आतडं आधीच सुजलेलं असेल तर ते बिघडवू शकतात. काही अशीही आहेत की ती दोन्हीकडे चालतात. कुठलं द्यायचं, हे ठरवण्यासाठीच तो प्रश्न कागदावर छापलेला असतो.

‘‘धुळ्याच्या डॉक्टरांनी बरोबर विचारलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांना खरं उत्तर मिळालं पाहिजे, एवढंच. सोमवारच्या आत.’’

‘‘ही गोष्ट मोठी अवघड असेल, नाही?’’ मेताजींनी विचारलं. त्यांना अजून आशा होती. ‘‘म्हणजे, हा संबंध. फार थोड्यांना माहीत असलेली?’’

‘‘ना रे काका. दुसऱ्या वर्षाची पोरं परीक्षेत लिहितात,’’ पोटाचे डॉक्टर म्हणाले. ‘‘आमच्याकडे तर दोघांनी मिळून पेशंट तपासायचा दिवससुद्धा आहे. दर गुरुवारी. बोर्ड लावलाय.’’

‘‘कुठे?’’

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोर्ड कुठे लावला आहे यावर त्यांचं एकमत होईना. बाईंना वाटत होतं तो चौथ्यावर आहे. पोटाच्या डॉक्टरांची खात्री होती की तो दुसऱ्यावर आहे. आतापर्यंत किती पेशंट आले, असं मेताजींनी विचारलं नाही. त्यांनी आधीच खूप विचारलं होतं.

घरी पोचेपर्यंत त्यांच्या मनात एक विलक्षण हलकेपणा आला होता. तो कशाचा, हे त्यांना गोडादऱ्याच्या वळणावर रिक्षात कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एका गोष्टीची शंभर टक्के खात्री पटली होती, आणि ती गोष्ट म्हणजे आपण चुकलो. यात कुठलं मासिक तपासायची गरज नव्हती. शक्यता नाकारता येत होती की नाही, असा प्रश्नच नव्हता.

ते आत आले तेव्हा सरलाबाई फोन खाटेवर ठेवून त्याच्याशी ओरडून बोलत होत्या.

‘‘मामानी कागद टाकी दिधा! हां, आजच. योगराजनीच फोडाना, ताराबाई. दुसरा कोनी हात लावाना नही. नही, जमिनीनं काही नही त्याम्हा. लगीननंबी नही.’’

फोन बंद करून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

‘‘मी अजून लिहिलेलं नाही,’’ मेताजी म्हणाले.

‘‘माले ठाऊक शे. म्हनीसनच सांगं,’’ सरलाबाई म्हणाल्या. ‘‘आते समदं गाव पोस्टमननी वाट देखी. बसा लिखाले.’’

मेताजी बसले. कागद एकच घेतला, दुसरा हाताशी असू नये म्हणून वही हर्षदाकडे देऊन टाकली.

‘चि. योगराज यास अनेक आशीर्वाद. तू ‘नाही’ लिहिलंस ते चूक आहे. ती चूक तुझी नाही, माझी आहे. कातडीचं आणि पोटाचं वेगळं ठेव असं मी सांगितलं, ते मला काही कळत नसताना सांगितलं. हे पत्र वाचलंस की सोमवारची वाट न पाहता धुळ्याला जा. डॉक्टरांना सांग की कागदावर खोटं लिहिलं गेलं. पोटाचा त्रास चार वर्षांपासून आहे, रक्त पडतं, वजन उतरलं आहे, सुरतेला दुर्बिणीतून आतड्यात व्रण दिसले होते. दोन्ही थैल्यांतले कागद एका थैलीत घाल आणि सगळे त्यांच्यापुढे ठेव. ते रागावले तर मामाने सांगितलं होतं म्हण. कुठलं इंजेक्शन द्यायचं ते मग त्यांना ठरवू दे. घे किंवा घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. हे दोन्ही दुखणं तुझ्या आंघोळीचं नाही, खाण्याचं नाही, तुझ्या कुठल्याही वागण्याचं नाही. हात अंगाला चिकटवून चालू नकोस. सव्वीस दिवस उशीर केला त्याबद्दल मला माफ कर. मामा.’

वाचून झाल्यावर त्यांना सवयीप्रमाणे शेवटी ‘मी काही डॉक्टर नाही’ असं लिहावंसं वाटलं. जागा उरली नव्हती. सरलाबाईंनी विचारलं काय लिहिलं, तर त्यांनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं; ‘जांघ’ त्यात नव्हती, तरी वाचताना त्यांचे कान लाल झाले. सरलाबाईंनी ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘‘बारा पानं लिखानी काय गरज व्हती मंग?’’

पोस्टात रांग होती. मेताजी रांगेत उभे राहिले, आणि रांगेत उभं राहिलं की विचार येतातच. ‘चार वर्षांपासून’ की साडेतीन? ‘खोटं’ हा शब्द फार लागला तर? ‘माफ कर’ असं मामाने भाच्याला लिहावं का? त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ नेऊन आतलं दिसतं का पाहिलं. दिसत नव्हतं. तेवढ्यात खिडकी आली.

‘‘स्पीड पोस्ट?’’ आतल्या माणसाने विचारलं. त्याने पाकिटाचं वजन केलं, दोन्हीकडचे फोन नंबर लिहून घेतले आणि चिकटवायची पट्टी काढली.

‘‘सोमवारच्या आत पोचेल ना?’’

‘‘शुक्रवारे पोंची जशे, काका.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की,’’ तो माणूस म्हणाला आणि थांबला. पाकीट त्याच्याकडे येत नव्हतं. पट्टी लावायला त्याने एक टोक धरलं होतं आणि दुसरं टोक मेताजींच्या बोटांत घट्ट होतं. मागच्या बाईने चुळबुळ केली. माणसाने पाकीट हलकेच ओढलं, मग जरा जोराने.

‘‘काका,’’ तो हसून म्हणाला, ‘‘छोडो तो सिक्को मारूं ने!’’

मेताजींनी पाकीट सोडलं.